रस काही पाणी नव्हे

डोंगराची एक कड खाली आली आणि गावाला बाहेर नेणारा एकुलता एक रस्ता तिच्याखाली गेला, ही बातमी गावाने तशी शांतपणे घेतली. दर काही वर्षांनी डोंगराला असं काहीतरी सुचतंच. दुधाची गाडी येणार नाही, वर्तमानपत्र येणार नाही, थोडे दिवस शेजाऱ्याशी बोलून काढायचे, एवढंच. पण या खेपेला डोंगराने रस्त्याच्या कडेने येणारी पाण्याची मोठी पाइपलाइनही सोबत नेली. नळ कोरडे पडले, आणि सगळ्यांत आधी टाकीत डोकावून जिने पाणी मोजलं ती बाई म्हणजे सरकारी रुग्णालयातली मशीनताई.

मशीनताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर डायलिसिसची खोली आहे. तिथे तीन मशिनी, आणि त्या चालवणारी ही एकटी. ज्यांच्या किडन्यांनी कामातून अंग काढून घेतलंय अशी माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास पडून राहतात, आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन त्यांना परत करते. हे धुणं कपड्यांच्या धुण्याहून कितीतरी जास्त पाणी पितं. त्यातून साधं पाणी चालत नाही. ते आधी मऊ करायचं, मग गाळायचं, मग तपासायचं, तेव्हा कुठे मशीनबाईंच्या पसंतीला उतरणार. मशिनींचे हे नखरे ताई वर्षानुवर्षं बिनबोभाट पुरवत आली होती. माणसांचे नखरे मात्र ती चालवून घेत नसे.

मशिनीवर येणाऱ्या माणसांत तिचे सासरेही होते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. बाबा सुतार. हात थरथरायला लागले तेव्हा रंधा ठेवला, पण नजर ठेवायचं सोडलं नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे, मग माणसांना 'बरं आहे ना' विचारायचे. नवरा कामानिमित्त शहरात, म्हणजे आता डोंगराच्या पलीकडे अडकलेला. रोज फोनवर एकच विचारायचा, "बाबा कसे आहेत?" आणि ताई रोज एकच सांगायची, "माझ्यासमोर आहेत. तू काळजी करू नकोस."

रुग्णालयात एकच तरुण डॉक्टर होते. त्यांनी शहरातल्या किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, तिकडून सल्ला आला आणि दोघांनी मिळून ठरवलं, की कोणाचीच पाळी चुकवायची नाही, सगळ्यांची लहान करायची. चार तासांच्या जागी अडीच तास. रक्त कमी धुतलं जाणार, तर रक्तात घाणही कमी जायला हवी. म्हणून पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ बंद, आणि फळं, टोमॅटो, फळांचा रस तर मुळीच नाही. फळांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. धडधाकट माणसाची किडनी तो बाहेर टाकते. या माणसांच्या अंगात तो साठत जातो, आणि फार साठला की हृदय चालता चालता थांबतं. ताईने हे एकेकाला, एकेकाच्या बायकोला, मुलीला, सुनेला समोर बसवून सांगितलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. निवृत्त हेडमास्तरांनी तर पाढे म्हणावेत तसं घडाघडा म्हणून दाखवलं आणि वर "पूर्ण मार्क द्या" म्हणाले.

आणखी एक नियम तिने केला. वशिला चालणार नाही. नगराध्यक्षांचे मेहुणे पेशंट होते. ते दारात येऊन लाडिकपणे म्हणाले, "ताई, आमचं जरा बघा." ताई म्हणाली, "बघितलं. तुमची पाळी उद्या." मेहुणे आल्या पावली परत गेले, आणि ही हकीकत दुपारपर्यंत गावभर झाली.

पाण्याचा प्रश्न सोडवला लाँड्रीवाल्याने. त्याच्या मागच्या अंगणात बोअर होती आणि पाइप फुटल्यापासून गावाचे कपडे तसेही मळकेच राहणार होते. "कपडे थांबतील की," तो म्हणाला आणि पंप सुरू केला. लाँड्री रुग्णालयाच्या समोरच, पण वरच्या टाकीपर्यंत पाणी चढवायला त्या पंपात दम नव्हता. मग माणसं उभी राहिली. अंगणापासून रस्ता ओलांडून जिन्यापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांवरून गच्चीपर्यंत, हातोहात बादल्या. बँकेतले लोक होते, हॉटेलातला आचारी होता, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे चुलतभाऊ होते. दोघांना योगायोगाने लागून उभं राहावं लागलं आणि बादली देताघेता बोलणं भाग पडलं. पहिला शब्द "सांभाळ" हा होता, असं सांगतात.

बोअरचं पाणी जड निघालं. ते मऊ करणाऱ्या यंत्राला मीठ लागतं, साधं खडेमीठ, आणि आता भरपूर लागणार होतं. किराणा दुकानदाराने पोतीच्या पोती पाठवली. हेडमास्तर पलंगावर पडल्या पडल्या पोती मोजत म्हणाले, "आम्हाला चिमूटभर बंद आणि मशिनीला पोतंभर. न्याय आहे की नाही?" सगळी खोली हसली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती खोली पूर्वी कधी नव्हती इतकी हसत होती. आधी या माणसांना गावात फारसं कोणी विचारत नसे. मशिनीला लागलेला माणूस म्हणजे जाता-जाता हळहळायचा विषय. आता गाव त्यांना नावानिशी ओळखायला लागलं. टेलरमावशींचे पाय आज कमी सुजलेत का, याची चौकशी आचारी जिन्यातून ओरडून करायचा.

आणि नेमक्या याच गोष्टीने घात केला.

रस्ता बंद झाला त्या दिवशी संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गावात अडकला होता. ट्रकवाला दिलदार माणूस. माल नासणार हे दिसल्यावर त्याने मालकाला फोन केला, मालकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "वाट लोकांना." ट्रकवाल्याने मग हात आखडता घेतला नाही. गावात ज्याच्या-त्याच्या हातात संत्रं. रस्त्यावर सालं, घरांत वास, आणि ट्रकवाला स्वतः बादल्यांच्या रांगेत जिन्याच्या मधल्या वळणावर उभा. पेशंट वर जाताना तो बादली खाली ठेवायचा, खिशातून संत्रं काढायचा आणि त्यांच्या ओंजळीत ठेवायचा. त्याचं बघून बाकीचेही ठेवायला लागले. ताईने हे एकदोनदा पाहिलं, पेशंटला दटावलं, पेशंटने कान पकडले. ताई पाण्याच्या तपासणीत इतकी बुडालेली होती, की कान पकडणाऱ्यांच्या पिशव्या बघायचं तिला सुचलं नाही.

घरी ती अंधार पडता पडता पोचायची, अंग टाकायची. सासूबाई ताट वाढून समोर ठेवायच्या. पाळ्या लहान केल्या त्या दिवशी तिने जेवता जेवता सांगितलं होतं, "आई, बाबांना आता पाणी अगदी मोजून हं. एक घोट जास्त नको." सासूबाई "बरं" म्हणाल्या. झालं. विषय संपला.

फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. दोन मशिनी चालू होत्या. एकीवर हेडमास्तर, दुसरीवर पोस्टमन. तिसऱ्या पलंगावर टेलरमावशी नुकत्याच आडव्या झाल्या होत्या आणि ताई त्यांच्या हाताची शीर चाचपत होती. टाकीत जेमतेम एका पाळीचं पाणी उरलं होतं. ते मावशींचं.

"सूनबाई," सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता, "हे उठतच नाहीयेत गं. पाय उचलत नाही म्हणतात. आणि आता बोलतही नाहीत."

"काय खाल्लं त्यांनी?"

"काही नाही गं. रोजचंच."

ताईने जिन्यातून लाँड्रीवाल्याला हाक मारली. लाँड्रीवाल्याने कपड्यांची गाडी पिटाळली आणि बाबांना चादरींच्या गठ्ठ्यांवर निजवून आणलं. बादल्यांची रांग आपोआप भिंतीला चिकटली, जिना मोकळा झाला, चार जणांनी त्यांना वर नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या. कागदावर उमटलेल्या रेघा ताईला लांबूनही वाचता आल्या. तंबूसारखी उंच टोकं, म्हणजे पोटॅशियम चढलेलं, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर नको तितकं लांब. 

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे माझे सासरे आहेत. मी यात काही बोलणार नाही. पाणी एकाच पाळीचं आहे आणि पाळी मावशींची आहे. तुम्ही ठरवा."

डॉक्टर शिरेतून औषध देत होते. हृदयाला थोडा वेळ धरून ठेवणारं औषध, पण थोडाच वेळ. ते मान वर न करता म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? मशीन मोकळी..."

"मोकळीच आहे," टेलरमावशी म्हणाल्या. त्या केव्हाच पलंगावरून उतरून भिंतीला टेकून उभ्या होत्या, सुजलेल्या पायांवर. "तुमचं हो-नाही होईस्तोवर माणूस जायचा की."

डॉक्टरांनी त्यांनाही तपासलं. उद्या सकाळपर्यंत निभेल, पण पुढे नाही, असं स्पष्ट सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग उद्या सकाळी. रात्रीतून मी कुठे पळत नाही."

ताईने बाबांना मशीन जोडली. हात सवयीने चालले, म्हणून बरं. रक्त नळीतून निघालं, तेव्हा ती वळली. सासूबाई दाराशी बाकावर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

"आई, खरं सांगा. काय दिलंत?"

"तूच म्हणालीस ना पाणी द्यायचं नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "तहानेनं जीव कासावीस व्हायचा गं त्यांचा. बघवेना. शेजारणीनं संत्री आणून दिली होती टोपलीभर. मी रस काढून दिला. रस काही पाणी नव्हे. म्हटलं, तहान भागेल आणि ताकदही येईल."

"कधीपासून?"

"काल दिला. आज दिला. आवडत होता त्यांना."

ताईला भयंकर राग आला. आवाज चढवायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला समजलं की राग नक्की कोणाचा आलाय. नगराध्यक्षांच्या मेहुण्याच्या बायकोला तिने अर्धा तास समोर बसवून सगळं समजावलं होतं, फळ का नको, रस का नको, परत म्हणून दाखवा. आणि स्वतःच्या घरात? ना बाबांना समोर बसवलं, ना आईंना; जेवता जेवता एक वाक्य. मशीनताईच्या घरात ते काय सांगायचं, असं तिने गृहीत धरलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर या माणसाच्या पुढ्यात ताट ठेवलं, तिलाच काय ठेवायचं नाही ते कोणी सांगितलं नव्हतं. ताईला लाज वाटली. इतकी, की तिने सासूबाईंकडे न बघता मशिनीच्या पडद्याकडे बघायला सुरुवात केली.

"ताई," पलीकडून हेडमास्तर खाकरले. "जरा माझ्या कोटाच्या खिशात बघता का?"

खिशात दोन संत्री निघाली.

"खाल्लं नाही हं अजून," हेडमास्तर म्हणाले आणि थोडं थांबून पुढे म्हणाले, "म्हणजे, तिसरं खाल्लं."

पोस्टमनने उशीखालून एक काढून दिलं. टेलरमावशींनी तर शिवणाची पिशवी टेबलावर उपडीच केली. टेप, कात्री, आणि गडगडत जाणारी संत्री. एक टेबलाखाली गेलं ते डॉक्टरांनी पायाने अडवलं.

"तुम्ही सगळ्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं!" ताईचा आवाज फुटला.

"तोंडपाठ आहेच," हेडमास्तर म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "पण ताई, तुम्ही त्या जिन्यातून पेशंट होऊन चढून बघा एकदा. माणसं घामाघूम झालेली असतात. माझ्यासाठी. त्यातला एक जण माझ्या हातात संत्रं ठेवतो, 'मास्तर, खा, ताकद येईल' म्हणतो. त्याला नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी शाळेत कोणाला भ्यालो नाही, पण त्या ट्रकवाल्याला नाही म्हणायला घाबरतो."

ताई ती सगळी संत्री ओच्यात घेऊन जिन्यात गेली. रांग पुन्हा सुरू झाली होती. तिने सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, सोप्या शब्दांत, की आत पडलेल्या माणसांना हे फळ मारू शकतं, आणि एकाच्या बाबतीत आत्ता तेच चाललंय.

ट्रकवाल्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मी इतके दिवस विष वाटत होतो?"

"विष नाही हो. तुम्ही खा, मी खाते, सगळ्या गावाने खावं. फक्त यांना नको. यांना तुमचं पाणी पुरे आहे."

माना हलल्या. पण ताई माना ओळखत होती. मागे कोणीतरी कुजबुजलं, "फळानं कधी कोण मरतं का? मशीनच बिघडली असेल." आणि पोस्टमनची बायको, जी वॉर्डात दाखल असलेल्या नवऱ्याला रोज घरून डबा आणायची, ती तर सरळ दुसरीकडे बघत होती. संत्री बंद होतील, ताईच्या मनात आलं. उद्या दुसरं काहीतरी पदराआडून येईल. माया करायची म्हटली की हातात काहीतरी दिल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही, आणि तिच्या सांगण्याने ते सुटणार नव्हतं.

बाहेर दिवे लागले तेव्हा बाबांनी पहिल्यांदा पायाचा अंगठा हलवला. कागदावरची टोकं खाली बसली होती. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग मान थोडी वळवून पलंगाच्या पायांकडे पाहिलं.

"सूनबाई," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "ह्या पलंगाचा एक पाय आखूड आहे."

ताई खुर्चीत बसली आणि रडली. डॉक्टर काहीतरी काम आठवल्यासारखं करून बाहेर गेले. सासूबाई मात्र आत आल्या नाहीत. दारातूनच त्यांनी बाबांना डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. बाबांना रात्रीपुरतं डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवून घरी निघताना ताईने विचारलं, "आई, आत का नाही आलात?" त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि चालायला लागल्या. दोघी घरी आल्या. गॅस पेटवायलाही सासूबाई पुढे झाल्या नाहीत. ताईनेच स्वयंपाक केला आणि दोघींनी चिवडल्यासारखं जेवण केलं.

सकाळी ताईला जाग आली तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. चप्पल नव्हती. ताई तशीच तडक रुग्णालयात निघाली. लाँड्रीचा पंप चालू झाला होता, रांग लागली होती, टाकीत पाणी चढत होतं. टेलरमावशी वर जाऊन पलंगावर पडल्याही होत्या. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी, कोणाच्या तरी दुकानातून मागून आणलेल्या स्टुलावर, सासूबाई बसल्या होत्या. जन्मात चारचौघांत चढ्या आवाजात न बोललेली बाई. पेशंट आला की त्या त्याला जाऊ देत. पेशंटबरोबरचं माणूस आलं, की उठून त्याच्या वाटेत आडव्या येत.

ताई जिन्याच्या वळणावर थांबली. खाली पोस्टमनची बायको आली होती, डबा पदराखाली धरून.

"काय आहे त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो काकू. थोडंसं टोमॅटोचं सार. तोंडाला चव नाही म्हणतात."

"आत न्यायचं नाही."

"अहो, एवढंसं तर आहे. ताई म्हणतात ते ठीक आहे, त्यांचं कामच आहे ते. पण एवढ्याशानं काय होतंय?"

रांगेतल्या बादल्या थांबल्या. ट्रकवाला वळून बघायला लागला. सासूबाईंनी पोस्टमनच्या बायकोचा हात धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"काय होतं ते मला विचार," त्या म्हणाल्या. "मी दिलंय ना, माझ्याच हातानं. माणूस आपल्याकडे बघत राहतो. नुसता बघत राहतो. त्याला सांगायचं असतं की हात उचलत नाहीये, पण तेही सांगता येत नाही. पेला रिकामा असतो आणि तो गप्प. मला वाटलं, आवडला म्हणून गप्प आहेत. मी दुसरा भरून दिला."

पोस्टमनच्या बायकोने डबा पायरीवर ठेवला. मग उचलून तिने तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी जिना चढायला लागली.